आपांची उजवी पानं

प्रश्न विचारून झाला की आपा सुपारी कातरायला घ्यायच्या. पिशवीतून कापडी बटवा निघायचा, बटव्यातून पितळी अडकित्ता, आणि मग समोरचा माणूस उत्तर देवो न देवो, आपांची नजर सुपारीवर. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रागच आला. समोर वाळूजच्या एका कारखान्यात बारा वर्षं वेल्डिंग करणारा माणूस बसलेला. प्रश्न होता, "कामावर एखादी गोष्ट चुकीची दिसली, तर तुम्ही कुणाला सांगता?" आणि विचारणारी बाई खाली मान घालून सुपारीचे काप करत बसलेली. तीन-चार मिनिटं नुसता अडकित्त्याचा आवाज. मग तो माणूस आपणहून बोलायला लागला आणि समोरचा चहा पार गार झाला तरी थांबला नाही.

बाहेर आल्यावर आपा म्हणाल्या, "माणसाकडं बघत बसलं ना बेटा, की तो तुला पाहिजे ते बोलतो. सुपारीकडं बघत बसलं की त्याला पाहिजे ते बोलतो." त्या स्वतः सुपारी खात नसत. कातरलेली सुपारी त्याच घरात ठेवून यायच्या.

आपा शहरातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवायच्या. छावणीतल्या बाजारामागे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मराठी अगदी स्वच्छ, पण चिडल्या की दखनी सुरू. "कायकू इतनी जल्दी? गाडी छुट रही क्या तेरी?" हे वाक्य मी त्यांच्याबरोबर काम केलेल्या दोन-अडीच वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली असताना त्यांनी एक अभ्यास हाती घेतला होता. कामगार कामावर कधी बोलतात, कधी गप्प बसतात, आणि का. एका कारखान्याने परवानगी दिली होती, महाविद्यालयाने पत्र दिलं होतं, आणि पटापट लिहून घेणारं कुणीतरी हवं म्हणून मला घेतलं होतं.

मला पटापट लिहिता यायचं, कारण माझं घर पत्रकांवर वाढलेलं. आमच्याकडे वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. वडील कामगारांच्या लढ्यांत असायचे. संध्याकाळी जाजमावर बसून आम्ही बहिणी पत्रकांच्या घड्या घालायचो आणि मला अक्षरओळख झाली ती त्यांच्या ठळक मथळ्यांवरून. त्या मथळ्यांनी मला शिकवलं होतं की जगात दोनच जाती आहेत, बोलणाऱ्यांची आणि घाबरणाऱ्यांची. हे मी पहिल्याच दिवशी आपांना ऐकवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, पटलं. पुढे कधीतरी कळलं की त्यांनी ते माझ्या मुलाखतीसारखं लिहून घेतलं होतं.

त्यांची वही मोठी मजेशीर होती. डाव्या पानावर माणूस काय बोलला ते. उजव्या पानावर, तो काय बोलला नाही ते. तेही कसं, तर आपल्या मनाचं काही न घालता. "इथे दाराकडे पाहिलं." "इथे मुलीला पाणी आणायला आत पाठवलं." "हसला, पण त्याआधी भावाकडे बघितलं." "साहेबांचं नाव आलं तेव्हा बनियनची बाही खाली ओढली." मी म्हणाले, आपा, यात मुद्दा कुठे आहे? त्या म्हणाल्या, "मुद्दा तू लिही पत्रकात. मी नुसतं काय झालं ते लिहिते."

त्या कारखान्यात पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करत. आधी हातपाय हलवायचा व्यायाम, मग सुरक्षेची शपथ, आणि शेवटी सुपरवायझर मोठ्याने विचारायचा, "काही अडचण?" सगळी रांग एका सुरात म्हणायची, "नाही सर!" परवानगी मिळाली तेव्हा आम्ही दोघी आठवडाभर रोज तिथे जाऊन उभ्या राहिलो. मला ते "नाही सर" ऐकून दर वेळी संताप यायचा. आपांचं त्या सुराकडे लक्षच नव्हतं. प्रश्न आला की कोण कुणाकडे चोरून बघतो, एवढंच टिपत होत्या. आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला एक कागद दाखवला, त्यावर नुसते बाण. प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या यंत्रांवरच्या, अकरा बायका होत्या. त्यातल्या दहाजणींचे बाण अकरावीकडे जात होते. अकरावीचा बाण कुणाकडेच जात नव्हता.

"ही बाई गप्प नाही," आपा म्हणाल्या. "हिच्याकडं काहीतरी आहे."

तिथे एक सूचना पेटीही होती. आमच्यासमोर उघडली. आत गुटख्याच्या रिकाम्या पुड्या आणि एकच चिठ्ठी, "चहात साखर वाढवा." मी उपहासाने हसले. आपा मात्र खूश झाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम तिथला चहा पिऊन बघितला. साखर वाढली होती. "बघ, एक माणूस बोलला आणि ऐकलं गेलं. त्याला शोधायला पाहिजे. कसा बोलला असेल?"

एक म्हातारा फिटर भेटला. यंत्राखाली तेल गळतं हे त्याने चार वेळा सांगितलं होतं, पाचव्यांदा स्वतःच फडकं टाकून मोकळा झाला. मी वहीत लिहिलं, "भीतीमुळे गप्प." आपांनी ते खोडलं. "हा घाबरलेला नाही. थकलेला आहे. थकलेल्याला जाऊन तू म्हणशील, घाबरू नका काका, तर तो तुला चहा पण विचारायचा नाही." दुसरा एकजण गप्प होता, कारण चूक उघडी पडली असती तर शेजारच्या यंत्रावरच्या नव्या पोराची नोकरी गेली असती. असे एकेक जण माझ्या दोन जातींमधून निसटून जायला लागले. मला ते आवडत नव्हतं. माणसांच्या गप्प बसण्याला इतकी कारणं सापडायला लागली, तर उठून उभं कोण राहणार, असं मी भांडायचे. आपा भांडू द्यायच्या.

ती अकरावी बाई म्हणजे कडूबाई. हे तिचं खरं नाव नाही. आता ती त्या कंपनीत नाही, आणि हे छापायला तिने स्वतः हो म्हटलं आहे. माहेर-सासर दोन्हीकडे मेंढरं, वेरूळच्या पलीकडच्या माळावर. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन शहरात आली आणि कंत्राटदारामार्फत प्रेसवर लागली. आपांनी तिच्या घरी तीन वेळा सुपारी कातरली, तेव्हा कुठे ती बोलली.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही हात बटणांवर असतील तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात चिरडायची भीती नाही. पण दोन्ही हात बटणांवर गुंतले की माल कमी निघतो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलेलं. एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला ठोकळ्याखाली. कडूबाई सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "मेंढरू कातरताना बी त्याचं कातडं कात्रीत येऊ नाय म्हनून आमी आपल्या हाताची आड धरतो. हितं आमच्या हाताला आड कोन धरनार?"

मला तेव्हाच कळलं की असं वाक्य मला जन्मात लिहिता येणार नाही.

आपांचा एक नियम होता. मुलाखत लिहून झाली की पंधरा-वीस दिवसांनी परत त्या घरी जायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "हे ठेवू का पुसू?" पुसायला सांगितलं की त्या खरोखर पुसायच्या, कितीही मोलाचं असलं तरी. कडूबाईकडे ही फेरी व्हायची होती. त्याआधीच रात्रपाळीतल्या एका मुलीची दोन बोटं गेली. मी दवाखान्यात जाऊन तिला पाहून आले. ती म्हणत होती, "माझंच ध्यान नव्हतं."

मी घरी आले आणि पत्रक लिहिलं. आपांना विचारलं नाही, कडूबाईलाही नाही. बटणाची पाचर, रोजची शपथ, मुलीची बोटं, सगळं लिहिलं. कुणाचं नाव घातलं नाही. पाळी नाही, यंत्राचा नंबर नाही. फक्त मथळ्याखाली चौकटीत ते मेंढराचं वाक्य, तिच्याच बोलीत, जसंच्या तसं. प्रमाण मराठीत बदलायचं माझ्या मनातही आलं नाही. तो मला अपमान वाटला असता. क्रांती चौकात कंपनीच्या गाड्या थांबतात तिथे उभं राहून मी ते वाटलं. दुपारपर्यंत त्याचा फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर होता.

चार दिवसांत सगळ्या पाचरी निघाल्या. आणि कडूबाईला गेटवर सांगितलं गेलं, "तू दोन दिवस घरी थांब, कळवू."

तिचा फोन आला तेव्हा मी आपांच्या घरीच होते. आपांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. "म्याडम, सायबाला माझं मेंढरू वळखू आलं," कडूबाई म्हणाली. एवढंच. प्रेस शॉपमध्ये मेंढरं राखलेली बाई एकच होती.

"नाव नव्हतं घातलं मी," मी म्हणाले.

"नाव काढलंस, आवाज ठेवलास," आपा म्हणाल्या. "तिच्या आईनं तिला अंधारात कशानं ओळखलं असतं, नावानं?" मग उठून चपला घातल्या. म्हणाल्या, "चल. तिच्यासमोर तू काही समजवायचं नाही. ऐकायचं."

कडूबाईने आम्हाला बसायला चटई टाकली, चहा ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमचा कागद भारी व्हता. माझ्या लेकीनं दोनदा वाचून दाखवला. पर मला इचारलं असतं, तर मी म्हनलं असतं, दीड महिना थांबा."

"दीड महिना कशासाठी?"

"बाहेरचे साहेब तपासनीला येनार हायेत. आमचा माल इकत घेत्यात ते. त्या दिवशी बी सकाळी रांगेत इचारत्यात, काही अडचण? त्या दिवशी आमी अकराजनी एकदमच 'हाय' म्हननार व्हतो. चार महिने झाले ठरून. एकीनं म्हनलं तर एकीला काढत्यात. अकरा जनींचं नाव काय घेनार?"

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या आठवड्यात मी रांगेसमोर उभी राहून ज्या "नाही सर"चा तिरस्कार करत होते, त्याच्या आत हे शिजत होतं. आणि मी तिकडे चौकात ओरडून आले होते की या बायकांना कुणी वाचा देत नाही.

"आता मीच नसले तर त्या धा जनी बोलायच्या नायत," ती म्हणाली. "अन् लेकीची बारावी हाय."

कंपनीतला कामगार अधिकारी आपांचा जुना विद्यार्थी होता, त्याला भेटायला गेलो. शहरातल्या निम्म्या कारखान्यांत त्यांचेच विद्यार्थी त्या खुर्चीवर बसलेले. त्याने आपांना खुर्ची दिली, मला उभंच ठेवलं. म्हणाला, "मॅडम, माझ्यावरही वरून दाब आहे. तुम्ही लेखी द्या की हे वाक्य तुमच्या कुठल्याही मुलाखतीत नाही, तुमच्या सहायकानं मनानं रचलं. मग त्या बाईंना घरी बसवायला मला कारणच उरत नाही." तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बोलत होता. वाक्य कुणाचं आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

जिन्यात आपा थांबल्या. "बेटा, असं लिहून दिलं तर तू खोटी ठरतेस. तुझं नाव घालू का? नको म्हणालीस तर नाही घालणार. दुसरं काही बघू."

मी भडकले. "पण ते खरं आहे आपा! त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. तुम्ही खोटं लिहून देणार? तुम्ही? उजव्या पानावर स्वतःच्या मनाचा एक शब्दही न घालणाऱ्या?"

"हौ," त्या म्हणाल्या. "आणि हे एकदा लिहून दिलं की माझ्या दोन्ही पानांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. ते माझं मी बघते. तुझं तू सांग."

म्हणजे त्यांनी त्यांचं ठरवलं होतं. तीन वर्षांचं काम त्या एका कागदाखाली घालायला निघाल्या होत्या, आणि जिन्यात उभ्या राहून मला मात्र विचारत होत्या, तुझं ठेवू का पुसू. मी त्यांना त्या दिवशी खूप बोलले. तडजोड म्हणाले, शरणागती म्हणाले, पत्रकात असतात ते सगळे शब्द वापरून झाले. त्या कठड्याला टेकून ऐकत राहिल्या. मग माझे शब्द संपले आणि मी म्हणाले, "घाला."

कडूबाई सोमवारी कामावर गेली. महिन्याच्या आत महाविद्यालयाने अभ्यास बंद केला. सहायकाने मुलाखती रचल्या असतील तर असा अभ्यास महाविद्यालयाच्या नावावर नको, असं पत्र आलं. आपांनी ते वाचून घडी घालून ठेवलं. मी विचारलं, "तुम्हाला माझा राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "येतो ना. तुझ्या कागदानं पाचरी निघाल्या, हे पण खरं आहे. त्यामुळं नीट रागावता पण येत नाही."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. वहीतली पानं काळजीपूर्वक फाडून ज्याची त्याला परत द्यायला निघाल्या. "छापायचं नसेल तर ही माझ्याकडं कशाला? ज्याचं बोलणं त्याला." रिक्षा करून, एकेका वस्तीत, कित्येक रविवार. डावं पान आणि उजवं पान, दोन्ही. मी बरोबर असायचे. म्हाताऱ्या फिटरने उजवं पान वाचलं, त्याच्या खांदे उडवण्याबद्दल तिथे लिहिलं होतं. "हे पण बघितलं होतं तुम्ही?" म्हणाला आणि डोळे पुसले. वेल्डरने पान न वाचताच देवाच्या फोटोमागे सरकवलं. एकाने सरळ सांगितलं, "तुमच्यापाशीच राहू द्या, आमच्याकडं गळतं." कडूबाईने माझ्याकडून पूर्ण वाचून घेतलं आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं.

पाचरी दीड महिन्यात एकेक करून परत बटणांत आल्या होत्या. पत्रकाचा जोर तेवढाच असतो, हे मी आता कबूल करते, आणि तरीही पत्रकं लिहिते. तपासणीच्या दिवशी बाहेरच्या साहेबांसमोर रांगेला प्रश्न विचारला गेला. अकराजणींनी "हाय" म्हटलं. कडूबाईने सांगितलं, सुपरवायझरला आधी ऐकूच आलं नाही, तो सवयीने पुढे निघाला होता. त्यातल्या दोघींचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. पण पाचरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. मी धावत आपांना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून फक्त एवढंच विचारलं, "त्या दोघी कोण? त्यांना कुठं काम मिळालं का?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायला बसल्या. एकीला मिळालं.

निवृत्तीनंतर वर्षभराने आपा गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. शेवटच्या भेटीत मला म्हणाल्या, "तू भांडायची सोडू नको. फक्त कुणाच्या वतीनं भांडतेस, त्याला विचारून भांड." मी हो म्हणाले. त्या हसल्या, "इतक्या लवकर हो म्हणालीस, म्हणजे ऐकलं नाहीस."

महाविद्यालयाच्या सभागृहात शोकसभा झाली. विद्यार्थी खूप आले होते. तो कामगार अधिकारी मागच्या रांगेत होता, खाली बघत. प्राचार्य बोलायला उभे राहिले. आपांच्या शिकवण्याबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "त्यांचा मोठा अभ्यास दुर्दैवाने अपुरा राहिला. एका बेजबाबदार सहायकाने मुलाखती रचल्या, आणि मॅडमनी ते मोठ्या मनाने लेखी कबूल केलं." सभागृहात माना हलल्या. दोघा-तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी उठून उभी राहिले. सगळं माझ्या जिभेवर होतं. पाच मिनिटं पुरली असती. त्या बाईने तीन वर्षं कशापायी घालवली, हे त्या सभागृहाला कळायलाच हवं होतं, आणि सांगणारं माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कडेला मला कडूबाई दिसली. दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून कंपनीचा निळा कोट घालूनच आलेली, छातीवर ओळखपत्र लटकत होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

प्राचार्य म्हणाले, "आपल्याला काही बोलायचं आहे?"

"नाही सर," मी म्हणाले आणि खाली बसले.

सभा संपल्यावर ती पायऱ्यांवर थांबली होती. "त्या सायबानं तुमच्याबद्दल लई वंगाळ सांगितलं," ती म्हणाली.

"हो."

"अन् तुमी उठून बी काय बोलला नाय."

तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबला. पत्र्याने खरबरीत झालेली बोटं होती, दहाच्या दहा. मग गाडी चुकेल म्हणून ती चौकाकडे पळाली.